मशिन चालू आहे का, ते आधी बघा

नावड्याचं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं तेव्हा मागची कोठी रिकामी करण्याचं काम माझ्यावर आलं. कारण घरात सुट्टी फक्त मला होती. कोठीत काय काय होतं ते सांगत बसत नाही. प्रत्येक आगरी घराच्या कोठीत असतं तेच होतं: गणपतीचं मखर, लग्नातली भांडी, मोडका पाळणा, एक पाग, दोन वल्ही. सगळ्यात मागे भिंतीला टेकवून, निळ्या ताडपत्रीत गुंडाळून नायलॉनच्या दोरीने आवळलेल्या दोन वस्तू होत्या. दोरी सुटेना म्हणून कापली. आत आऊटबोर्ड मशिनी निघाल्या. दोन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आऊटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर शिकंज्याने आवळून बसवायचं इंजिन. वर डोकं, मधे लांब पाय, खाली पाण्यात पंखा. हातात एक दांडा असतो, त्यानेच वेग आणि दिशा दोन्ही सांभाळायची. आठ हॉर्सपॉवरचं मशिन पंचवीस-तीस किलोचं असतं, म्हणजे एक माणूस ते खांद्यावर टाकून चिखलातून होडीपर्यंत नेऊ शकतो. ही गोष्ट महत्त्वाची आहे, पुढे येईल.

मी दोन्हींचे फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. पाच मिनिटांत निकाल हजर. काका म्हणाले भंगारात द्या, उद्या कळंबोलीला टेम्पो जातोच आहे. माझा चुलतभाऊ, जो बेलापूरला एका इंटीरियर डिझायनरकडे कामाला आहे, त्याने तीन फायरचे इमोजी टाकले आणि लिहिलं, एक मला हवं, खारघरच्या एका कॅफेचं काम चालू आहे, थीम कोस्टल आहे. आत्याने लिहिलं, बाबांची आठवण आहे, नवीन फ्लॅटमध्ये शोकेसमध्ये ठेवा. आणि ज्यांच्या त्या मशिनी, त्या माझ्या बाबांनी मेसेज वाचला, दोन निळ्या टिका दिसल्या, आणि काहीच लिहिलं नाही.

हा लेख या तिन्ही सल्ल्यांच्या विरोधात आहे. भंगार, शोपीस आणि आठवण. सगळ्यात जास्त आठवणीच्या विरोधात आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना डोळ्यांत पाणी आणणारं काही वाचायचं होतं त्यांनी इथेच थांबावं.

आधी भंगार.

कळंबोलीचा लोखंड-पोलाद बाजार आमच्यापासून दहा मिनिटांवर. त्यामुळे आमच्या भागात प्रत्येक वस्तूकडे किलोच्या भावाने बघायची सवय लहानपणापासून लागते. भंगारवाला आला, त्याने मशिन आडवी केली, झाकण काढलं, ॲल्युमिनियम किती, लोखंड किती, तांबं किती ते डोळ्यांनी मोजलं आणि आकडा सांगितला. तो आकडा ऐकून काका खूश झाले. मी विचारलं, ही चालू असेल तर? तो हसला. म्हणाला, ताई, चालू असो की बंद, माझ्याकडे वजन सारखंच.

त्याचं चूक नाही. वजन हा त्याचा धंदा आहे. पण आपण त्याच्या डोळ्यांनी का बघायचं? चालू आऊटबोर्ड आजही किनाऱ्यावर विकत घेतलं जातं. नवीन मशिन घ्यायचं तर छोट्या मच्छीमाराला कर्ज काढावं लागतं किंवा अनुदानाच्या फाईलमागे फिरावं लागतं. बंद पडलेल्या मशिनीलासुद्धा कार्ब्युरेटर असतो, कॉइल असते, पंखा असतो, गिअर असतात. यातली एकेक वस्तू कुणाच्या तरी अडकलेल्या होडीला लागत असते. चाळीस वर्षांत मॉडेल फारशी बदलली नाहीत, हे या जुन्या टू-स्ट्रोक मशिनींचं मोठं सुख. मग किलोने विकण्याची घाई कशाला? कोठी संध्याकाळपर्यंत रिकामी व्हावी म्हणून. बिल्डरने तारीख दिली आहे म्हणून. बाकी काही कारण नाही.

मी टेम्पो परत पाठवला. काका चिडले. माझ्याशी ते आगरीत फार बोलत नाहीत, मला नीट येत नाही म्हणून. पण त्या दिवशी बोलले. "मावरंच नाय, तं मशिना कनाला ठेवायच्या?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मासेच नाहीत तर मशिन कशाला. खरं सांगायचं तर हा संपूर्ण लेख त्या एका वाक्याशी भांडण्यासाठी लिहिला आहे, आणि अजूनही मी जिंकले आहे असं मला वाटत नाही.

आता कॅफे.

नवी मुंबईत फिरताना एक गोष्ट लक्षात येते. ज्या गोष्टी इथून गेल्या त्यांचे पुतळे चौकात उभे आहेत. सर्कलवर होडी, भिंतीवर कोळीण, पुलाखाली जाळं ओढणारा माणूस. शहर स्वतःला फ्लेमिंगो सिटी म्हणवतं आणि फ्लेमिंगोंच्या तळ्यांसाठी लोकांना दरवर्षी रस्त्यावर उतरावं लागतं. गृहप्रकल्पांच्या नावात 'क्रीक', 'बे', 'वॉटर्स' आणि खिडकी उघडली तर भराव. यात आता माझ्या बाबांचं मशिन. पॉलिश करून, त्याला पिवळा दिवा लावून, खाली टेबल, टेबलावर पाचशे रुपयांची कोलंबी. कोलंबी बहुतेक आंध्रातून आलेली.

चुलतभावाशी बोलले तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "अगं, निदान कुणीतरी बघेल तरी. कोठीत सडण्यापेक्षा बरं ना?" त्याचा मुद्दा मी उडवून लावत नाही. पण बघणाऱ्याला काय दिसेल? त्याला दिसेल की इथे पूर्वी एक छान, साधं, समुद्राकाठचं आयुष्य होतं आणि ते काळाच्या ओघात मागे पडलं. हा 'काळाचा ओघ' नावाचा प्राणी मला कधी भेटलेला नाही. आमच्या खाडीत तो आला नव्हता. जे आलं त्याला पाइप होता.

कासाडी नदी नावड्याजवळून जाते आणि पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. भरतीचं पाणी वर चढतं, ओहोटीला उतरतं. बाबा आणि काका लहान असताना या पाण्यात जिताडा मिळायचा, बोईट मिळायचे, चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या. उन्हाळ्यात भाजीला पैसे नसले तरी कालवणाला मासळी असायची. वर तळोज्याची औद्योगिक वसाहत वाढत गेली, शेकड्यांनी कारखाने आले, त्यात रसायनं, रंग, औषधं, मासळी प्रक्रिया, सगळंच. सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र झालं, दिवसाला 22.5 दशलक्ष लिटर क्षमतेचं. कागदावर सगळं पाणी तिथे जाऊन स्वच्छ होऊन पुढे जायचं होतं. नदीचा रंग वेगळं सांगायचा.

ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्यात निळे कुत्रे दिसले, ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही तेव्हा शाळेत असाल तरी फोटो पाहिला असेल. पाण्यात उतरलेल्या भटक्या कुत्र्यांची पांढरी लव निळी झाली होती. प्राणिमित्रांनी फोटो काढले, तक्रार केली, फोटो जगभर गेले, लंडनच्या पेपरात आले. प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली, एका कारखान्याचं काम थांबवलं गेलं. त्याच दिवसांत बातम्यांमध्ये एक आकडा आला होता, की तपासणीत पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला 80 मिलिग्रॅम निघाली. मासे जगायचे तर हा आकडा फार खाली, एक अंकी हवा. पण आकडा कोण बघतो. कुत्रा निळा होता.

मला त्या कुत्र्यांचा राग नाही, बिचारे. पण विचार करा. त्याच्या आधी कितीतरी वर्षं मासे मरून तरंगत होते. बाबांनी स्वतः मेलेल्या माशांची पाटी भरून एका सरकारी कार्यालयात नेली होती आणि वास येतो म्हणून त्यांना बाहेर उभं केलं होतं. मेलेला मासा निळा होत नाही. तो मेलेल्या माशासारखाच दिसतो, बाजारात दिसतो तसा. त्यामुळे त्याची बातमी होत नाही. जगाला हळहळ वाटायला काहीतरी सुंदर किंवा विचित्र लागतं, आणि कॅफेतलं मशिन हे त्याच हळहळीचं दुकान आहे.

पुढे काय झालं ते पण सांगायला हवं, कारण आमच्याकडे काहीच होत नाही असं म्हणण्याची फॅशन आहे आणि ती खोटी आहे. इथल्याच एका मच्छीमार असलेल्या नगरसेवकाने राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली. लवादाने प्रक्रिया केंद्राला कोट्यवधी रुपये भरायला लावले, समिती नेमली. म्हणजे पाणी कुणीतरी खराब केलं, हे कायद्याच्या दरबारात सिद्ध करता येतं. 'काळ बदलला' हे मात्र कुठल्याच कोर्टात सिद्ध करता येत नाही, आणि म्हणूनच ते सगळ्यांना सोयीचं आहे.

आता माझ्या बाजूला जे अडचणीचं आहे ते.

हे मशिन स्वतः काही संत नाही. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक आऊटबोर्डमध्ये तेल पेट्रोलातच मिसळलेलं असतं आणि इंधनाचा मोठा हिस्सा, पाव भागापर्यंत, न जळताच धुरासोबत पाण्यात जातो. धुराची नळीच पाण्याखाली सोडलेली असते. अमेरिकेत टाहो नावाच्या तलावावर 1999 पासून अशा मशिनींना बंदी आहे. आमच्या मशिनी तर रॉकेलवर चालायच्या. सुरू करताना पेट्रोल, गरम झाली की कॉक फिरवून रॉकेल, किनारा जवळ आला की परत पेट्रोल, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहून चिकटणार नाही. आजीच्या भाषेत, मशिनीला पण शेवटचा घास चांगला द्यावा लागतो. होडीमागे पाण्यावर सात रंगांचा तवंग पसरायचा आणि लहानपणी मला तो फार आवडायचा.

म्हणजे खाडी आम्ही पण थोडी घाण केली. हे मी लपवणार नाही. पण दोन होड्यांचा तवंग आणि शेकडो कारखान्यांचा नाला यांना एकाच वाक्यात बसवून 'आपण सगळेच जबाबदार आहोत' म्हणणारे लोक मला भेटतात, सेमिनारात भेटतात, रील्सवर भेटतात. सगळेच जबाबदार म्हणजे कुणीच नाही. पनवेलच्या खाडीत आऊटबोर्ड किती होते ते बोटांवर मोजता येईल. बाकीच्या होड्या वल्ह्यावर आणि काठीवर चालायच्या.

आणि आऊटबोर्डचा जन्मच वल्ह्याच्या कंटाळ्यातून झाला. ओले एव्हिनरूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला माणूस अमेरिकेत उन्हाळ्यात तलाव वल्हवून आइस्क्रीम आणायला गेला आणि परत येईपर्यंत ते वितळलं, अशी गोष्ट सांगतात. 1909 मध्ये त्याने मशिनी विकायला काढल्या. वल्ही फेकून द्या, असं सांगणारी जाहिरात त्याची बायको बेस हिने लिहिली होती. 2020 मध्ये त्या नावाच्या मशिनी बनायच्या बंद झाल्या. आमच्या आजीने जाहिरात वाचली नव्हती, त्यामुळे वल्ही कोठीतच होती. ती म्हणायची मशिन दगा देते, वल्हं देत नाही.

बाबांनी पहिलं मशिन 1996 साली जुनं घेतलं, उरणकडच्या एका नाखव्याकडून. कारण साधं होतं. जवळ मासळी कमी होऊ लागली होती आणि लांब, खाडीच्या तोंडाकडे जायचं तर भरती-ओहोटीच्या गणितात वल्ह्याने वेळ पुरत नव्हता. म्हणजे मशिन ही प्रगतीची खूण नव्हती, ते पळण्याचं साधन होतं. पाणी जितकं खराब होत गेलं तितकं मशिन लांब पळवायला लागायचं, तितकं रॉकेल जास्त. दुसरं मशिन 2003 साली आलं, कारण पहिलं रोजच्या लांब फेऱ्यांनी थकलं. 2009 च्या पावसाळ्यानंतर बाबांनी हिशोब मांडला, तर रॉकेलचा खर्च मासळीपेक्षा जास्त निघाला. होडी विकली. मशिनी गोड्या पाण्याने धुतल्या, ताडपत्रीत बांधल्या आणि तळोज्याला एका कंपनीत वॉचमन म्हणून लागले. कुठल्या प्रकारच्या कंपनीत ते सांगत नाही. तुम्ही ओळखाल.

आता आठवण. आत्याचा शोकेस.

माझं आत्यावर प्रेम आहे. पण मशिन शोकेसमध्ये ठेवलं की बाबा रोज सकाळी चहा पिताना त्याच्याकडे बघणार, येणारे पाहुणे विचारणार, हे काय, आणि बाबा हसून सांगणार, अहो, पूर्वी आम्ही मच्छी मारायचो. पूर्वी. हा 'पूर्वी' शब्द आमच्या गावांत फार स्वस्त झाला आहे. पूर्वी शेती होती, पूर्वी मिठागरं होती, पूर्वी खाडी होती. 1970 मध्ये सिडको आली तेव्हापासून आम्ही पूर्वीचे लोक आहोत. जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तानच्या भागात पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठे दि. बा. पाटलांच्या आंदोलनातून साडेबारा टक्क्यांचा हक्क पदरात पडला. तो जमिनीचा होता. जमिनीला सातबारा असतो. पाण्याला सातबारा नसतो.

इथेच माझा मूळ मुद्दा आहे आणि तो भावनेचा नाही, कागदाचा आहे.

उरणकडच्या चार कोळीवाड्यांतल्या 1,630 कुटुंबांना हरित लवादाने 27 फेब्रुवारी 2015 रोजी 95 कोटी 19 लाख 20 हजार रुपये द्यायला सांगितले होते. बंदराच्या भरावामुळे भरतीचं पाणी आणि मासेमारीची जागा गेली, म्हणून. भागाकार करून बघा, कुटुंबाला 5 लाख 84 हजार येतात. रक्कम बंदर, तेल कंपनी आणि सिडको यांच्यात वाटून दिली होती. पुढे अपिलं झाली, तो वेगळा विषय. 2021 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांचा खाडीवर रूढीने आलेला हक्क आहे आणि तो गेला तर भरपाई द्यावी लागेल. ती याचिका वाशीगावच्या एका मच्छीमार सहकारी संस्थेची होती. म्हणजे हक्क आहे. कोर्टाने मानला आहे.

पण हक्क मिळाल्यावर पहिला प्रश्न कोणता येतो? तुम्ही मच्छीमार कशावरून? होडीची नोंदणी दाखवा. संस्थेचं सभासदत्व दाखवा. परवाना दाखवा. इंधनाची पावती दाखवा. जो वल्ह्याने मासे मारायचा आणि गावातच विकायचा त्याच्याकडे यातलं काय असणार? आणि ज्याच्याकडे असतं तो काय करतो? घर पाडताना टेम्पोत भरतो.

ताडपत्रीच्या आत, दुसऱ्या मशिनीच्या झाकणाखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत बाबांनी कागद ठेवले होते. 1996 ची साध्या कागदावरची खरेदीची पावती, ज्यावर मशिनीचा नंबर आहे. 2003 ची दुकानाची पावती. रॉकेलचं कार्ड. होडीच्या नोंदणीची झेरॉक्स. एका वहीत रोजचा हिशोब: तारीख, भरती, रॉकेल किती, मावरं काय आणि किती. 2003 पासून 2009 पर्यंत. मी ती वही दोन रात्री वाचली. त्यात एकही भावनेचं वाक्य नाही. पण पानं उलटत जा, आणि जिताडा हा शब्द आधी आठवड्यातून दिसतो, मग महिन्यातून, मग 2007 नंतर दिसतच नाही. कुठल्याही संशोधन संस्थेने आमच्या खाडीवर लिहिलेलं यापेक्षा चांगलं काही असेल तर मला दाखवा.

आणि त्या पावत्यांवरचे नंबर मशिनीवरच्या पत्र्याच्या पट्टीशी जुळतात. मशिन भंगारात गेलं की पट्टी गेली, आणि पावती नुसता कागद उरली. कॅफेत गेलं तर पॉलिशवाला आधी ती पट्टीच घासून काढणार.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते फक्त आमच्या घरापुरतं नाही. गरजेपोटी बांधलेली घरं पाडून तिथे टॉवर उभे करण्याची लाट आता गावठाणांत आली आहे. पेंधरपर्यंत मेट्रो आली, विमानतळ आला, नावड्याच्या जागेला भाव आला. येत्या काही वर्षांत पनवेल, उरण, बेलापूर पट्ट्यातल्या शेकडो कोठ्या रिकाम्या होतील आणि ते काम तुमच्यासारख्या-माझ्यासारख्यांवर येईल, ज्यांना पाग कसा फेकतात ते माहीत नाही पण फोन चालवता येतो. तर फोन काढा. भंगारवाल्याला बोलवायच्या आधी नंबरच्या पट्टीचा फोटो काढा. कागद स्कॅन करा. जी म्हातारी माणसं अजून आहेत त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून विचारा, होडी कुठे लागायची, जाळं कुठे टाकायचात, कुठल्या साली थांबलात. हे करायला एक रविवार लागतो. आणि मग मशिन चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ते पाण्यात जायला हवं, भिंतीवर नाही.

मी बघितलं. मला काही येत नव्हतं, यूट्यूबवर शिकले आणि बाबा लांब खुर्चीत बसून चुका काढत होते. आधी दोरी ओढायची नाही. स्पार्क प्लग काढायचा, भोकातून थोडं ऑइल सोडायचं, दोन दिवस थांबायचं, मग वरचं चाक हाताने हळू फिरवायचं. पहिल्या मशिनीचं चाक हललं नाही. पिस्टन आत धरलेला. खालच्या गिअरचा स्क्रू सैल केला तर तेल दुधासारखं पांढरं आलं, म्हणजे पाणी शिरलेलं. ते मशिन गेलं होतं. दुसऱ्याचं चाक फिरलं. अडखळत, पण फिरलं. गिअरचं तेल काळं, म्हणजे जुनं पण शुद्ध. पाणी खेचणारा आतला रबरी पंखा दगडासारखा कडक झाला होता, तो उरणहून नवीन आणला. कार्ब्युरेटर तीनदा उघडला. टाकी फेकून दिली, आत नुसता गंज.

चौथ्या रविवारी अंगणात पाण्याचं पिंप भरलं, त्याच्या काठाला फळी बांधून मशिन लावलं. पाण्याशिवाय चालवायचं नसतं, मिनिटात जळतं. मी दोरी ओढली. काही नाही. दहा वेळा ओढली. काका ओट्यावरून बघत होते, बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलत होता. मग बाबा उठले, मला बाजूला केलं, चोक अर्धा आत ढकलला आणि दोनदा ओढली. तिसऱ्यांदा मशिन पेटलं. सगळ्या गल्लीत धूर. मागून पाण्याची बारीक धार आली, म्हणजे थंड पाणी फिरतंय. बाबांनी धारेखाली बोट धरलं, किती गरम आहे ते बघितलं आणि वेग कमी केला. समोरच्या टॉवरच्या तिसऱ्या मजल्यावरून एक बाई ओरडल्या, काय चाललंय, धूर येतोय आमच्याकडे.

चालू झाल्यावर बाबांनी मला जे विचारलं ते मी अपेक्षिलं नव्हतं. "ठेवू या का?" एवढंच. एक महिनाभर गप्प असलेला माणूस. आणि मला इतकं वाईट वाटलं की सगळा लेख तिथेच बदलावासा वाटला. ठेवू या, असं म्हणणं सोपं होतं. त्यांना आनंद झाला असता. मी म्हणाले, कुठल्या पाण्यासाठी ठेवायचं, बाबा? ते म्हणाले, "खारी कवातरी साफ होईल." मी म्हटलं, झाली तर आपण नवीन घेऊ, धूर कमी करणारं. तोपर्यंत हे कोठीत पुन्हा धरून बसेल. ते काही बोलले नाहीत. दोन दिवस आमचं बोलणं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला, करंजाला, एका जुन्या ओळखीच्या माणसाला. त्याच्या मुलाचं मशिन मे महिन्यात बंद पडलं होतं आणि तो दुसऱ्याच्या होडीवर कामाला जात होता. किंमत बाबांनी ठरवली, भंगारवाल्याच्या आकड्यापेक्षा जास्त आणि चालू मशिनीच्या बाजारभावापेक्षा बरीच कमी. मला ती पटली नाही, पण मशिन माझं नव्हतं. बंद पडलेलं मशिनही त्याला सुट्या भागांसाठी तसंच दिलं. फक्त दोन्हींच्या नंबरांचे फोटो, विक्रीची लेखी पावती आणि दोघांच्या सह्या, एवढं मी करून घेतलं. हिशोबाची वही आणि कागद आता माझ्याकडे आहेत, एक प्रत वकिलाकडे. खाडीवर मासेमारी करणाऱ्या आमच्या भागातल्या आणखी सात घरांचे कागद जमले आहेत. त्यांपैकी तीन घरांत फक्त फोटो आहेत, एका घरात काहीच नाही, नुसती आजी आहे. तिचं बोलणं अडीच तास रेकॉर्ड केलं.

चुलतभावाला ताडपत्री दिली. तो म्हणाला, थीमला चालेल.

करंजाचा तो मुलगा रिक्षा-टेम्पो घेऊन आला होता. वीस-बावीसचा असेल, माझ्यापेक्षा लहान. मी आणि काका मशिन उचलायला पुढे झालो तर त्याने हाताने थांबवलं, वाकला, एका झटक्यात मशिन खांद्यावर घेतलं आणि टेम्पोकडे चालू लागला. बाबा त्याच्या मागे मागे गेले. रस्त्याच्या कडेपर्यंत त्याला सांगत होते, थंडीत चोक पूर्ण ओढू नकोस, अर्धाच ओढ.